शेवटचं भोक

जुन्या शर्यतीच्या सायकलींना भोकं पाडून घेण्याचं वेड ज्यांना नाही, त्यांना ते समजावून सांगणं अवघड आहे. चांगला धडधाकट क्रँक, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला बसतं तो दांडा, सायकलीवरून उतरवायचा, त्याला ओळीनं भोकं पाडायची, घासूनपुसून परत चढवायचा. कशासाठी, तर सायकल हलकी व्हावी म्हणून. किती हलकी? एखाद्या बिस्किटाएवढी. "चालवणारा पोटभर न्याहारी करून बसणार आणि उपास करायचा सायकलनं," असं ही भोकं पाडून देणाऱ्या काकांची बायको म्हणायची. काकांना स्वतःलाही ते पटत असे, पण ओळीत पाडलेली भोकं उजेडाकडे धरून बघितली की पटणंबिटणं सगळं बाजूला राहायचं.

त्यांना सगळे चाळणीकाका म्हणत. हे नाव सायकलवाल्या मंडळींनी दिलेलं. उभा जन्म काकांनी पंपांच्या कारखान्यात ड्रिलिंग मशीनवर काढला होता. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, देवधर्म करतात; यांनी घरामागच्या काचेच्या पडवीत एक लहानसं मशीन मांडलं आणि मंडळींच्या सायकलींची चाळण करायला घेतली. काम झालं की भोकांतून निघालेला चकचकीत कीस कागदाच्या पुडीत बांधून मालकाच्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचं, "हे घ्या, एवढं ओझं कमी झालं." ही त्यांची पद्धत होती. पुडी मिळाल्याशिवाय कुणाला काम पुरं झाल्यासारखं वाटत नसे.

मंडळी जमायची दर रविवारी सकाळी, बेकरीच्या मागच्या अंगणात. बेकरीवाला त्यांच्यातलाच. मैद्याची पोती तोलायचा आकडा असलेला काटा तिथे तुळईला टांगलेला होता. निघण्यापूर्वी एकेक सायकल त्या आकड्याला लटकवायची, मास्तरांनी चष्मा वर करून वजन वाचायचं, बाकीच्यांनी टिंगल करायची आणि मग सगळ्यांनी पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर चढायचं. मास्तर म्हणजे शाळेतले कवायतीचे जुने मास्तर. त्यांचा शब्द तिथे शेवटचा.

काकांचा उजवा हात कापायला लागला, तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की हात खिशात घालायला शिकले. चहा डाव्या हातानं घ्यायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वय सांगितलं. काकांनी गोळ्या घेतल्या, वय काही घेतलं नाही. पण मशीनपुढे खिसा कामाला येत नाही. स्वतःच्या सायकलीच्या ब्रेकच्या लिव्हरवर गिरमिट टेकवताना ते असं सरकलं, की लिव्हरवर मांजरानं ओरबाडल्यासारखा ओरखडा उठला. काका तो लिव्हर मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले.

सून तेव्हा पडवीत कपडे वाळत घालत होती. मुलगा बोटीवर नोकरीला, सहा सहा महिने समुद्रावर. घरात ही तिघंच. सून दातांच्या कवळ्या आणि टोप्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. लोकांचे दात दिवसभर चिमटीत धरून घासायचे, हेच तिचं काम. हातातला टॉवेल दोरीवर टाकून ती जवळ आली.

"बाबा, मी धरून बघू?"

"अगं, हे दात नाहीत."

"दातापेक्षा मोठंच आहे की."

तिनं लिव्हर लाकडी ठोकळ्यावर बसवला, श्वास सोडला आणि हँडल खाली आणलं. गिरमिट लोण्यात सुरी जावी तसं उतरलं. कीस लांब, अखंड वळ्यांचा निघाला. काकांनी आयुष्यभर हा कीस बघून माणसं ओळखली होती. त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "बरा हात आहे."

तिथून ते सुरू झालं. आखणी काकांची, भोकं सुनेची. कुठे मोठं, कुठे बारीक, ओळ कुठे वळवायची, हे काका कागदावर काढत. पेन्सिल दोन्ही हातांनी धरली की जमायचं. लॅबमधून आली की सून तासभर मशीनवर बसे. कुणाला सांगायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या रविवारी मास्तर लिव्हर फिरवून फिरवून बघत म्हणाले, "चाळणी, म्हातारपणी तुझा हात अजून सुधारला रे," आणि काका हसले. नुसते हसले. सांगायचं राहिलं, ते राहिलंच. घरी येऊन त्यांनी सुनेला ते वाक्य सांगितलं, तेव्हा तीही हसली. "म्हणजे पास झाले मी," ती म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता, आणि त्या आनंदावर काकांनी वर्षभर निभावून नेलं. मंडळींपैकी कुणी घरी आलं तर मशीनशेजारी काका बसत आणि सून आतून चहा आणून देई. "तुमच्या सासऱ्यांचा हात म्हणजे देणगी आहे हो," असं पाहुणा म्हणे. "हो ना," असं ती म्हणे, आणि जाताजाता काकांकडे बघून एक भुवई वर करी. काका चहात बघत.

मग बेकरीवाल्यानं त्याचा क्रँक आणला. जुना, देखणा, आता कुठे मिळत नाही असा. बेकरीवाला अंगानं भरलेला. स्वतःचं वजन उतरत नाही, निदान सायकलीचं उतरवू, असं स्वतःच म्हणून हसणारा. काकांनी त्या क्रँकसाठी सुंदर आखणी केली. बुडाशी मोठं भोक, मग त्याहून लहान, मग आणखी लहान, पार टोकापर्यंत निमुळती होत गेलेली ओळ.

सुनेनं शेवटच्या खुणेवर नख ठेवलं. "बाबा, हे एवढं नको. पायडलचे आटे इथेच सुरू होतात. मध्ये भिंत राहतच नाही."

"ओळ तुटल्यासारखी दिसेल."

"दिसू दे. दाताची टोपी इतकी पातळ झाली तर मी परत पाठवते. चावताना जातेच ती."

"कारखान्यात किती वर्षं काढली मी?" काका म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण तो प्रश्नही नव्हता. सुनेनं खांदे उडवले आणि गिरमिट लावलं. शेवटचं भोक इतकं सुबक उतरलं, की काकांनी क्रँक खिडकीशी धरला आणि त्यांना वाटलं, बघा, हिला उगाच भीती.

पुडी घेऊन बेकरीवाला खूश होऊन गेला. नंतरच्या एका रविवारी टेकडीच्या शेवटच्या वळणावर तो पायडलवर उभा राहून जोर करत होता, तेव्हा क्रँक टोकाशी मोडला. पायडल त्याच्या बुटासकट बाजूला गेलं आणि तो तोंडावर आपटला.

जिवावरचं निभावलं. मनगट सुजलं, हनुवटीला टाके पडले, समोरचा एक दात गेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात मंडळी घामेजलेल्या कपड्यांत उभी होती. काका गुडघ्यामुळे हल्ली टेकडी चढत नसत, अंगणातच थांबत. त्यांना तिथे निरोप गेला आणि घरून आलेली सून त्यांना स्कूटरवर घेऊन आली. ती स्कूटर लावून व्हरांड्याच्या पायऱ्या चढत होती, तेव्हा मास्तरांनी खिशातून मोडलेला तुकडा काढून काकांच्या हातात दिला.

चीर बरोबर शेवटच्या भोकातून गेली होती. ती पातळ भिंत आता भिंतही नव्हती, नुसती कड उरली होती.

"चाळणी," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "हे भोक तू पाडलंस? मला पटत नाही. तुझ्या हातून हे होणं शक्य नाही."

त्यांनी ते रागानं विचारलं असतं, तर काका कदाचित सावरले असते. पण मास्तर इतक्या विश्वासानं बघत होते, की काकांना दार उघडं दिसलं आणि ते त्यातून बाहेर पडले.

"माझा हात हल्ली कापतो," ते म्हणाले. "ते सुनेनं पाडलंय."

कुणीतरी "तरीच" म्हणालं. मंडळींचे चेहरे एकदम सैल झाले, जणू सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. कुणी म्हणालं, "नाजूक काम आहे, घरातल्यांना कसं जमणार." कुणी काकांच्या खांद्यावर थोपटलं. "हात कापतो तर बोलायचं नाही का रे आधी? आम्ही काय परके?" एवढी माया त्या व्हरांड्यात काकांच्या वाट्याला आली, आणि मग त्यांना दिसलं, की सून वरच्या पायरीवर उभी आहे.

तिच्या हातात स्कूटरची किल्ली होती. तिनं भुवई वर केली नाही. आत जाऊन तिनं बेकरीवाल्याच्या बायकोची चौकशी केली, पाणी आणून दिलं, बाहेर आली आणि विचारलं, "बाबा, निघायचं?"

रस्ताभर काका मागच्या सीटवर कानकोंडं होऊन बसले होते. सिग्नलला स्कूटर थांबली, की त्यांना वाटे आता बोलावं. पण समोर हेल्मेट होतं, आणि हेल्मेटच्या पाठीशी माफी मागता येत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. प्रत्येक सिग्नलला समजावलं.

काकांची बायको सकाळची प्रार्थना होईपर्यंत मौन पाळायची. कितीही काही होवो, त्या वेळात तिच्या तोंडून शब्द निघत नसे. लागलंच तर डोळ्यांनी आणि बोटांनी घर चालवायची. दुसऱ्या दिवशी ती डोळे मिटून बसली होती, तेव्हाच काकांनी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. ती मध्येच बोलणार नाही, म्हणूनच ती वेळ गाठली होती. शेवटी म्हणाले, "पण मी खोटं काही बोललो नाही. खरंच तिनं पाडलं होतं."

तिनं प्रार्थना पुरी केली. आसन झटकून घडी केली. मग म्हणाली, "खरं होतं ना? मग वर्षभर ते कुठे ठेवलं होतं?"

"कौतुक होत होतं तेव्हा ते खरं तुमच्या खिशात होतं, हाताबरोबर," ती म्हणाली, आणि डाळ धुवायला गेली.

सून रुसली नाही. रुसली असती तर काकांना काही धरायला तरी मिळालं असतं. ती वेळेवर गोळ्या देत होती, "बाबा, जेवायला चला" म्हणत होती, बोटीवरून मुलाचा फोन आला की "बाबांशी बोला" म्हणून फोन पुढे करत होती. फक्त मशीनवर एक जुनी चादर टाकून तिनं चारी कोपरे नीट खाली खोचले होते. लॅबमधून आली की आता ती खोलीत जाऊन पुस्तक वाचत पडे.

एकदा जेवताना काकांनी धीर केला. "त्या दिवशी मी जे..."

"आमटी वाढू?" तिनं विचारलं.

"वाढ," काका म्हणाले, आणि नको असलेली आमटी ओरपली.

त्याच सुमारास तिच्या लॅबमध्ये एक समोरचा दात करायला आला. कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. ती तो घरी घेऊन आली, कारण रंग दिवसाच्या उजेडात जुळवायचा होता. पडवीत खिडकीशी उभी राहून तिनं तो चिमटीत धरून सावकाश फिरवला. काका दारात होते. तिच्या हातात काय आहे ते त्यांना कळलं आणि ते मागच्या मागे फिरले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पडवीतून चोरासारखं पाऊल न वाजवता परत जाण्याची वेळ त्यांच्यावर आली होती.

पुढचे रविवार ते बेकरीच्या अंगणात गेले नाहीत. मग एका दुपारी, सून कामावर आणि बायको शेजारी गेलेली असताना, त्यांनी चादर काढली.

त्यांच्या स्वतःच्या सायकलीचं चेनव्हील, ज्यावर साखळी फिरते ते दात्यांचं चक्र, अजून कोरं होतं. लोकांचं करता करता आपलं राहून गेलं होतं. पाडली त्यात भोकं तर कुणी पडणार नव्हतं. मधल्या पत्र्यावर जोर येत नाही. काकांनी आखणी केली, ठोकळ्यावर चक्र बसवलं, डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं आणि हँडल खाली आणलं. गिरमिट खुणेवरून घसरलं. पहिलं भोक लांबट झालं. दुसरं ओळ सोडून गेलं. कीस वळ्यांचा निघालाच नाही, नुसता चुरा उडाला. थांबावंसं वाटलं, पण ते थांबले नाहीत. पूर्ण चक्र होईपर्यंत करत राहिले, आणि संपलं तेव्हा ते उजेडाकडे धरून बघितलं. पोखरलेल्या लाकडासारखं दिसत होतं. ते त्यांनी सायकलीवर चढवलं.

रविवारी अंगणात त्यांना बघून मंडळी आनंदली. बेकरीवाला नवा दात दाखवत हसला. सायकल आकड्याला लटकली, मास्तरांनी चष्मा वर केला आणि वजन वाचायचं विसरले.

"हे कुणी कुरतडलं रे?" कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले. "सूनबाईंना अजून मशीनवर बसू देतोस होय?"

"हे माझं आहे," काका म्हणाले. "माझा हात आता एवढाच. वर्षभर तुम्ही ज्याला देणगी म्हणालात, ते सगळं तिचं. आणि याच्या क्रँकचं शेवटचं भोक ती नको म्हणत होती. मी पाडायला लावलं."

काटा हलकेच झुलत होता. भट्टीत कुणीतरी ट्रे ओढल्याचा आवाज आला. ज्यानं विनोद केला होता, तो बुटाची नाडी बांधायला वाकला. बेकरीवाल्यानं जिभेनं नवा दात चाचपला.

"म्हणजे पडलो तुझ्यामुळे," तो म्हणाला, "आणि हसतोय तिच्यामुळे. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं मला, कुणी केला ते. मी वाटच बघत होतो, तू कधी बोलतोस."

कुणी काकांच्या खांद्यावर थोपटलं नाही. मास्तरांनी वजन वाचलं, सायकल उतरवली आणि मंडळी टेकडीकडे निघाली. ते बरोबरच होतं. तरी घरी जाताना काकांना वाटलं, छातीवरचं काहीतरी उतरलं. पडवीत सून होती. चादर काढलेली तिला दिसली होती. काकांनी सायकल तिच्यापुढे उभी केली.

ती वाकली. एकेका भोकावरून तिचं बोट फिरलं. "खूण ठोकली नव्हती आधी?"

"ठोकली होती. हात सरकला." मग एका दमात ते म्हणाले, "सांगितलं मी त्यांना. सगळं. तुझं काम, शेवटचं भोक, सगळं."

सून सरळ उभी राहिली. काकांना वाटलं ती हसेल.

"मी कुठे होते तेव्हा?" तिनं विचारलं.

"तू इथे... घरी."

"हो," ती म्हणाली. "व्हरांड्यात नाव घेतलंत तेव्हा मी समोर होते, बाबा."

तिनं आवाज जरासुद्धा चढवला नव्हता. काकांना मघाशी उतरल्यासारखं वाटलेलं सगळं जिथल्या तिथे परत आलं. आतल्या दारात बायको उभी होती.

"मी आज खूप मोठं काम केलं असं वाटत होतं मला," काका म्हणाले.

"मोठंच आहे. अर्धं झालंय."

काका खाली बसले. बसल्यावर त्यांना कळलं, की अजूनही त्यांनी तिला ते एक वाक्य म्हटलेलं नाही. चारचौघांत म्हणाले, तिला नाही. "माझं चुकलं गं," ते म्हणाले. "भोकापेक्षा व्हरांड्यात जास्त चुकलं."

तिनं पायडल एकदा उलटं फिरवून बघितलं. "पुढच्या रविवारी मी येते," ती म्हणाली. "तेव्हा परत सांगा."

"परत?"

"मी ऐकलं नाही ना."

तो आठवडा काकांना आधीच्या आठवड्यांपेक्षा जड गेला. एकदा सांगून झालेलं पुन्हा सांगायचं, आणि ज्यांना माहीत आहे त्यांच्यापुढे, म्हणजे सगळ्यांनी आधीच खाली बघायला सुरुवात केलेली असणार. पण रविवारी सून स्वतःहून तयार होऊन दारात उभी राहिली. सायकल काका ढकलत होते, ती शेजारून चालत होती. वाटेत ती एवढंच म्हणाली, "साखळी सैल आहे तुमची."

अंगणात तिला बघून मंडळींनी वाट करून दिली. मास्तरांनी टोपी काढली आणि मग टोपीचं काय करायचं ते त्यांना सुचेना. बेकरीवाल्यानं तिच्यासाठी स्टूल आणलं. ती बसली नाही. काट्याखाली, थोडी बाजूला, हाताची घडी घालून उभी राहिली.

"मंडळी," काका म्हणाले, आणि उजवा हात आपोआप खिशात गेला. तो त्यांनी बाहेर काढला आणि सायकलीच्या हँडलवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. हात कापत होता. त्याच्याखाली ब्रेकचा लिव्हर, तिनं भोकं पाडलेला तो हलका लिव्हर, टकटक वाजायला लागला. तो आवाज थांबायची वाट न बघता त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.